लघुपट म्हणजे मोठ्या चित्रपटाचा वानवळा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञानकथेवरील लघुपटांविषयी आपल्या रविवार पुरवणीत अलीकडे आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने वाचला, कारण मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धे पान मिळणे ही काही रोजची गोष्ट नाही. दुसऱ्यांदा मात्र त्यातल्या सल्ल्यापाशी अडखळलो. तरुण दिग्दर्शकाने पाच-दहा मिनिटांचा डोळे दिपवणारा प्रयोग करावा, तो निर्मात्यांच्या हाती द्यावा आणि त्याच्या जोरावर पूर्ण लांबीचा चित्रपट पदरात पाडून घ्यावा, असा तो सल्ला होता. चित्रपटाच्या धंद्यात अशा लघुपटाला ‘प्रूफ ऑफ कन्सेप्ट’ म्हणतात आणि हा शब्द आता आपल्याकडच्या महाविद्यालयीन मुलांच्याही तोंडी रुळला आहे. नाशिकमध्ये काही मित्रांसह मी गेली कित्येक वर्षे दरमहा एक लघुपटांचा खेळ लावतो. त्या अनुभवावरून या सल्ल्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले. ते थोडे लांबले तर क्षमस्व.

अशा सल्ल्याच्या पुष्ट्यर्थ जे उदाहरण हमखास दिले जाते, ते नील ब्लॉमकॅम्प या दिग्दर्शकाचे. आपल्या लेखातही ते होते आणि ते खरेच आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गमध्ये जन्मलेल्या आणि पुढे कॅनडातल्या व्हँकुव्हरला स्थायिक झालेल्या या तरुणाने ‘अलाइव्ह इन जोबर्ग’ नावाचा, जोहान्सबर्गमध्ये येऊन राहिलेल्या परग्रहवासीयांविषयीचा सहा मिनिटांचा लघुपट केला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी ‘हेलो’ या व्हिडिओ गेमवरच्या मोठ्या चित्रपटाचा दिग्दर्शक म्हणून ब्लॉमकॅम्पची निवड केली. २००६ मध्ये स्टुडिओंनी अंग काढून घेतल्याने तो बेत फसला, आणि मग त्याच सहा मिनिटांच्या बीजातून २००९ मध्ये ‘डिस्ट्रिक्ट नाइन’ उभा राहिला. सुमारे तीन कोटी डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने जगभरात एकवीस कोटींच्या आसपास कमाई केली आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ऑस्करची चार नामांकने मिळवली. त्यांतले पटकथेचे नामांकन ‘आधारित पटकथा’ या विभागात होते, कारण चित्रपटाचा आधार त्याच दिग्दर्शकाचा लघुपट होता. सहा मिनिटांच्या चित्रफितीला कादंबरीच्या पंक्तीत बसवणारी ही नोंद मला फार आवडते.

पण लघुपटातून चित्रपटात नेमके काय गेले, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. लघुपटातल्या परग्रहवासीयांच्या चेहऱ्यावर लोंबते शुंड आहेत आणि अंगावर यंत्रांचे चिलखत आहे. चित्रपटातले परग्रहवासी कीटकासारखे, झिंग्यासारखे आहेत, म्हणजे ज्याला आपण ‘दाखवण्याची वस्तू’ म्हणू तीच बदलली. राहिली ती जोहान्सबर्गच्या बाहेरची धुळीची वस्ती, पत्र्याच्या खोपट्यांवर तरंगणारे ते स्तब्ध अवाढव्य यान, वार्तापटासारखा हलता कॅमेरा आणि त्यापुढे बोलणारी माणसे. ती माणसेही काही अभिनेते नव्हेत. शेजारच्या देशांतून तुमच्या वस्तीत राहायला आलेल्या लोकांविषयी तुम्हाला काय वाटते, असा प्रश्न दिग्दर्शकाने रस्त्यावरच्या रहिवाशांना विचारला होता आणि त्यांनी जी खरीखुरी, कडवट उत्तरे दिली तीच परग्रहवासीयांविषयीची म्हणून लघुपटात लावली. त्या उत्तरांना वेगळ्या पटकथेची गरजच पडली नाही. पुढे चित्रपटाचे बरेचसे चित्रण जोहान्सबर्गलगतच्या सोवेटोतल्या चिआवेलो या वस्तीत झाले आणि त्याच्या शीर्षकामागे केप टाउनचा ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ हा भाग उभा राहिला. १९६६ मध्ये हा भाग केवळ गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर झाला आणि तिथून साठ हजारांहून अधिक माणसांना उठवण्यात आले. एवढी जमीन पायाखाली असलेला लघुपट मोठा होणारच होता. निर्मात्याने तो शितावरून भात ओळखावा तसा ओळखला असेल, पण भात आधीच शिजलेला होता, हे आपण विसरतो.

याच दिग्दर्शकाचे उलटे उदाहरणही आहे आणि ते मात्र कोणी देत नाही. ‘टेट्रा व्हाल’ हा त्याचा २००४ मधला जेमतेम दीड मिनिटाचा लघुपट. एका काल्पनिक कंपनीच्या जाहिरातीचा आव आणलेला, गरीब वस्तीत गस्त घालणाऱ्या पोलिसी यंत्रमानवाचा. विनोद नेमका आणि बोचरा आहे, आणि दीड मिनिटात तो पूर्ण होतो. अकरा वर्षांनी त्यातूनच ‘चॅपी’ हा मोठा चित्रपट झाला. येथे यंत्रमानव सशाच्या कानांसारख्या अँटेनांसकट जसाच्या तसा उचलला गेला आणि त्याच्याभोवती गोष्ट नव्याने रचावी लागली. समीक्षकांनी तो फारसा डोक्यावर घेतला नाही. मला स्वतःला त्यातला यंत्रमानव अजून आवडतो. गोष्ट मात्र आठवायला बसावे लागते.

२०१७ मध्ये ब्लॉमकॅम्पने हाच व्यवहार उघडपणे, दुकान मांडावे तसा, मांडून पाहिला. व्हँकुव्हरमध्ये ‘ओट्स स्टुडिओज’ काढून त्याने ‘राका’, ‘फायरबेस’, ‘झायगोट’ असे वीस-पंचवीस मिनिटांचे लघुपट एकामागोमाग यूट्यूबवर फुकट सोडले. त्यांचे आराखडे, ध्वनी, संगणकीय प्रतिकृती असा कच्चा मालही स्टीम या व्हिडिओ गेमच्या ऑनलाइन दुकानात विकायला ठेवला. लोकांनी पाहावे, आवडीनिवडी कळवाव्यात, आणि ज्याला सर्वाधिक मागणी येईल त्याचा चित्रपट व्हावा, अशी त्यामागची कल्पना. स्टुडिओच्या चार भिंतींत होणारा निवाडा चव्हाट्यावर आणण्याचे हे धाडस कौतुकास्पद होते, यात शंका नाही. सिगर्नी वीव्हरसारखी अभिनेत्री ‘राका’मध्ये आहे, डकोटा फॅनिंग ‘झायगोट’मध्ये आहे, आणि तांत्रिक सफाई तर अशी की पाहताना खर्चाचा अंदाज बांधणे आपण सोडून देतो.

आम्ही ‘राका’ दाखवला तेव्हा सभागृहात साठेक जण होते, त्यांतली निम्मी मुले अभियांत्रिकीची. टेक्सासची उद्ध्वस्त भूमी, सरड्यासारखे परग्रहवासी, हवा बदलून टाकणारे त्यांचे मनोरे आणि भंगारातून बॉम्ब जुळवणारी माणसे हे सारे त्यांनी श्वास रोखून पाहिले. लढा पेटणार अशा टोकाला गोष्ट आली आणि श्रेयनामावली सुरू झाली. दिवे लागल्यावर पहिल्या रांगेतल्या मुलाने एकच प्रश्न विचारला, “सर, पुढचा भाग कधी?” चर्चेसाठी राखलेली वीस मिनिटे याच प्रश्नाभोवती फिरली. पुढचा भाग अजून नाही, कदाचित कधीच नसेल, असे सांगितल्यावर काहींना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले. आज इतक्या वर्षांनंतरही त्या लघुपटांपैकी एकाचाही पूर्ण लांबीचा चित्रपट माझ्या पाहण्यात आलेला नाही. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने ते मालिकेच्या स्वरूपात एकत्र आणले. अनेक दारे असलेली आणि एकाही दारामागे खोली नसलेली वास्तू पाहावी, तसे ते सलग पाहताना वाटते. वीस-पंचवीस मिनिटे चाललेल्या गोष्टीला तिचा स्वतःचा शेवट द्यायचा नाही, कारण तो मोठ्या चित्रपटासाठी राखून ठेवायचा आहे, ही काटकसर माझ्या मते त्या प्रयोगाच्या मुळावर आली.

शेवट राखून न ठेवणारी, जुनी पण पुन्हा पुन्हा पाहण्याजोगी दोन-तीन कामे येथे आठवतात. क्रिस मार्केर यांचा ‘ला जेते’ हा १९६२ मधला फ्रेंच लघुपट अठ्ठावीस मिनिटांचा आहे आणि जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा आहे. पॅरिसच्या ओर्ली विमानतळाच्या सज्जावर लहानपणी पाहिलेला एक चेहरा, तिसरे महायुद्ध, तळघरातले कैदी आणि काळातून मागे पाठवला जाणारा एक माणूस. या सबंध लघुपटात एकच हलते चित्र आहे. झोपलेली स्त्री डोळे उघडते आणि पाहणाऱ्याकडे बघते, इतकेच. आमच्या सभागृहात त्या क्षणी मागच्या बाकावरून कोणीतरी हलकेच “अरे” म्हणाले, आणि त्यानंतर मोबाइलचा एकही उजेड दिसला नाही. तेहतीस वर्षांनी टेरी गिलियम यांनी याच गोष्टीवरून ‘ट्वेल्व्ह मंकीज’ केला. मार्केर यांनी लघुपट करताना कोणत्या निर्मात्याला डोळ्यांसमोर ठेवले होते, असे म्हणायला काहीही आधार नाही. तरी त्यांच्या गोष्टीत दुसऱ्याला मोठा चित्रपट उभारण्याइतकी जागा निघाली, आणि मूळ लघुपटाचे एक चित्रही त्यामुळे शिळे झाले नाही.

पुढे ‘स्टार वॉर्स’ करणाऱ्या जॉर्ज ल्यूकस यांनी १९६७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात केलेला ‘इलेक्ट्रॉनिक लॅबिरिंथ’ हा पंधरा मिनिटांचा लघुपटही असाच आहे. नौदलातल्या छायाचित्रकारांच्या वर्गाला शिकवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि त्या निमित्ताने हाती आलेले साहित्य व माणसे वापरून त्यांनी तो केला. एक माणूस बोळांमधून धावतो आहे आणि यंत्रांपुढे बसलेले काही जण त्याच्यावर नजर ठेवत आपापल्या रूक्ष तांत्रिक भाषेत बोलत आहेत, एवढीच गोष्ट. १९७१ मध्ये त्याचा ‘टीएचएक्स ११३८’ हा चित्रपट झाला तेव्हा धावण्याच्या आधीचे आयुष्य रचावे लागले, आणि त्यात एक उत्तम भर पडली. पळणाऱ्याचा पाठलाग मंजूर खर्चापेक्षा महाग पडतो म्हणून तो थांबवला जातो. सरकारी कामकाज जवळून पाहिलेल्या कोणालाही ही कल्पना पटावी. स्टुडिओने चित्रपटाची काही मिनिटे कापली आणि तो तिकीटबारीवर पडला. त्या लघुपटाला मात्र त्याआधीच विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय महोत्सवात पहिले पारितोषिक मिळालेले होते.

याच विद्यापीठात जॉन कार्पेंटर व डॅन ओबॅनन यांनी विद्यार्थी असताना सुरू केलेला ‘डार्क स्टार’ हा अंतराळयानावरचा विनोदी विद्यार्थीपट पैसे मिळाल्यावर वाढवण्यात आला आणि १९७४ मध्ये चित्रपटगृहांत आला. त्यातला परग्रहवासी हा समुद्रकिनाऱ्यावर खेळतात तसला हवा भरलेला चेंडू आहे. जगातला सर्वांत प्रभावी विद्यार्थीपट आपण सर्वांत कमी प्रभावी व्यावसायिक चित्रपटात बदलला, अशा अर्थाचे ओबॅनन यांनीच नंतर म्हटले. शेन ॲकर यांचा ‘नाइन’ हा २००५ मधला अकरा मिनिटांचा ॲनिमेशनपट, ज्याला ऑस्करचे नामांकन होते, त्यातल्या चिंध्यांच्या बाहुल्या एक शब्दही बोलत नाहीत. चार वर्षांनी त्याचा चित्रपट झाला तेव्हा त्या बोलू लागल्या, आणि माझ्यापुरते सांगायचे तर तेथेच त्या सामान्य झाल्या. उरुग्वेच्या फेदे अल्वारेझ यांनी २००९ मध्ये मोंतेविदेओवर यंत्रमानवांचा हल्ला दाखवणारा पाच मिनिटांचा लघुपट यूट्यूबवर टाकला, त्याचा खर्च अवघा तीनशे डॉलर सांगितला जातो. हॉलिवूडने त्यांना बोलावून घेतले, पण त्यांच्या हातून पहिला चित्रपट झाला तो जुन्या भयपटाच्या पुनर्निर्मितीचा. यंत्रमानव मोंतेविदेओतच राहिले. येथे लघुपटाने दिग्दर्शकाची ओळख करून दिली, त्या गोष्टीची नाही, आणि पुष्कळदा प्रत्यक्षात होते ते एवढेच.

हे सारे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. एकांकिकेचे दोन अंकी नाटक होण्याची परंपरा मराठी रंगभूमीवर जुनी आहे. ‘ऑल द बेस्ट’ ही आधी एकांकिका होती, ‘देवबाभळी’ हीही आधी एकांकिका होती. स्पर्धेच्या रात्री ती पाहताना ‘हिचा पुढचा भाग व्यावसायिक रंगभूमीवर’ असे कोणी मनात धरत नाही. पडदा पडतो तेव्हा गोष्ट पडद्याबरोबर पुरी झालेली असते, आणि नाटक होऊ शकेल का हा विचार नंतर, चहाच्या टपरीवर सुरू होतो. ओढून-ताणून दोन अंकी केलेल्या एकांकिकाही आपण भरपूर पाहिल्या आहेत. मध्यंतरानंतर प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करू लागले की लेखकाने कोठे पाणी घातले ते अचूक कळते. पुरुषोत्तम करंडकापासून गावोगावच्या स्पर्धांपर्यंत परीक्षकांनी साठ वर्षांत हा भेद ओळखायला शिकवले आहे. चित्रपटाच्या बाबतीत मात्र आपण ते शहाणपण दाराबाहेर ठेवतो.

विज्ञानकथेलाही आपल्याकडे जमीन नाही असे नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने धाडली होती. नाव पाहून पारितोषिक मिळू नये हा त्यामागचा हेतू. त्याला आता पन्नास वर्षे होऊन गेली. पडद्यावर मात्र या परंपरेचा माग फारसा दिसत नाही. मूळच्या नागपूरच्या आरती कडव यांनी आधी लघुपट केले आणि मग ‘कार्गो’ हा हिंदी चित्रपट केला. त्यात मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी तयार करणारे अंतराळयान आहे, त्याचे नाव पुष्पक आहे आणि त्यावर काम करणारा राक्षस नोकरीतल्या कारकुनासारखा कंटाळलेला आहे. यानाच्या आत जुनाट बटणांचे, सरकारी कचेरीत शोभेल असे सामान मांडले आहे. पैसे कमी होते हे दिसते, पण ती उणीव गोष्टीतच जिरवलेली आहे. ‘आपल्याकडे त्यांच्यासारखे बजेट नाही’ ही तक्रार करणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आता हा चित्रपट पाहायला सांगतो.

मी हे पत्र ज्या कारणाने लिहायला बसलो ते कारण मात्र घराजवळचे आहे. आमच्या खेळांना नियमित येणाऱ्या, चांदवड तालुक्यातल्या एका मुलाने गेल्या वर्षी मोबाइलवर सात मिनिटांचा लघुपट केला. पाण्याचा टँकर चालकाशिवाय येतो, त्याच्या मागच्या बाजूला एक यंत्र आहे, त्यावर अंगठा ठेवला तरच नळ उघडतो. रांगेतल्या एका म्हातारीचा अंगठा उमटत नाही, कारण आयुष्यभर शेण-माती आणि भांडी केल्याने रेषा झिजल्या आहेत. लघुपटात एकही विशेष दृश्यचमत्कार नाही. टँकर खराच आहे, फक्त चालकाच्या खिडकीवर काळा कागद लावला आहे. हंडे रांगेत लावून बसलेल्या बायकांना त्याने खरेच विचारले होते, “उद्या टँकरवर माणूस नसेल, नुसते यंत्र असेल, तर चालेल का?” एक बाई म्हणाल्या, “आत्ता तरी कुठं माणूस असतो? तो गाडीतून उतरतच नाही.” दुसऱ्या म्हणाल्या, “यंत्र भांडत नाही ना? मग येऊ द्या.” ही दोन्ही उत्तरे त्याने जशीच्या तशी ठेवली आहेत. शेवटी म्हातारी आपला अंगठा पदराने पुसते, पुन्हा ठेवते, आणि टँकर निघून जातो. तिच्या हंड्याच्या तळाशी मागच्या खेपेचे बोटभर पाणी हलताना दिसते.

हा लघुपट त्याने एका स्पर्धेला पाठवला. प्रवेशिकेत कथासार, कालावधी, उपकरणे या नेहमीच्या रकान्यांबरोबर एक नवा रकाना होता: ‘या लघुपटाच्या पूर्ण लांबीच्या आवृत्तीची योजना दोनशे शब्दांत लिहा.’ रकाना भरणे सक्तीचे होते. त्या मुलाने आठवडाभर डोके खाजवून टँकर बनवणारी कंपनी, तिचा खलनायक मालक आणि शहरातून आलेला एक तडफदार पत्रकार असे काहीतरी रचले आणि मला वाचायला आणले. ते वाचून मला वाईट वाटले. त्याने वाईट लिहिले होते असे नव्हे, पण त्या लघुपटात जे होते ते सगळे त्या दोनशे शब्दांतून निघून गेले होते. म्हातारी तर त्यात कोठेच नव्हती. स्पर्धेचे नाव मी देत नाही, कारण हा रकाना आता एकाच ठिकाणी राहिलेला नाही.

म्हणून आपणाकडे आणि आपल्यामार्फत अशा स्पर्धा भरवणाऱ्यांकडे दोन विनंत्या आहेत. एक, तो रकाना ठेवायचाच असेल तर ऐच्छिक ठेवावा आणि त्यातल्या मजकुराला गुण असू नयेत. दुसरी आपल्या पुरवणीसाठी. दर शुक्रवारी प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांची समीक्षा आपण छापता, तशी महिन्यातून एखाद्या लघुपटाची छापावी, तो किती मिनिटांचा आहे आणि कोठे पाहता येईल हे सांगून. त्यावरून मोठा चित्रपट होणार आहे की नाही, हे त्या समीक्षेत आले नाही तरी चालेल. सुरुवातीला ‘ला जेते’ घेतला तर आमच्याकडे मराठी उपशीर्षके तयार आहेत. सदस्यांनी फावल्या वेळात केलेली असल्याने त्यांत दोन-चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, पण मागितल्यास आम्ही ती विनामूल्य देऊ.

कळावे,
आपला,
एक वाचक, नाशिक